दर्या आणि दऱ्या: मराठी प्रबंधासाठी लाटेकचं टेम्प्लेट वापरून पाहिलं

गेल्या महिन्यात माझा पीएच.डी.चा प्रबंध जमा झाला. ३१२ पानं, ४७ तक्ते आणि शेवटी अकराशेवर शब्दांची सूची. विषय आहे ठाणे खाडीकाठच्या आगरी-कोळी बोलीतले मिठागरांचे आणि मासेमारीचे शब्द. मी ऐरोलीत राहते, ठाण्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते आणि संगणकाशी माझा संबंध परीक्षेचे गुण भरण्यापुरता. तरी हा अख्खा प्रबंध मी लाटेक या संगणकावरच्या अक्षरजुळणीच्या पद्धतीत, एका तयार टेम्प्लेटवर, स्वतः मांडला. लाटेक वापरणारे बहुतेक गणित-भौतिकीवाले आणि लिहिणार इंग्रजीत. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याला अडलं तर विचारायला माणूस मिळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी डीटीपीची गोष्ट. पहिली तीन प्रकरणं मी स्टेशनजवळच्या एका डीटीपीवाल्याकडे टाइप करून घेतली होती. त्याने ती जुन्या फॉन्टमध्ये केली, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या सामायिक पद्धतीत, नाही. अशा फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलीत आत एखादं इंग्रजी अक्षर बसलेलं असतं. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की नुसता कचरा. मग ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणली. वरवर सगळं ठीक दिसलं. रात्री वाचायला बसले तर जिथे जिथे 'दर्या' होता तिथे तिथे 'दऱ्या' झालेलं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. फरक आहे तो रफाराचा: एक 'र' पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, दुसरा त्याच्या अलीकडे आडवा झोपतो. माझ्या आजीने जन्मभर दर्याला नमस्कार केला, आणि तिच्या तोंडचं वाक्य मी 'दऱ्यावर जाताना नारल वाहायचा' असं छापणार होते. त्या रात्री मी रडले, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. तीन प्रकरणं पुन्हा पहिल्यापासून युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्डवर, स्वतः टाइप केली.

मग आमच्या इमारतीतला अभियांत्रिकीचा मुलगा आला. म्हणाला, "काकू, माझ्या सीनियरने केलेलं प्रबंधाचं टेम्प्लेट आहे, मुखपृष्ठापासून संदर्भसूचीपर्यंत सगळं आहे. पण इंग्रजीसाठी आहे हां." ते मी घेतलं. आतून तो लाटेकचा नेहमीचा 'रिपोर्ट' नावाचा साचाच आहे. वर समास, दीडपट ओळ-अंतर, प्रमाणपत्राचं पान, ऋणनिर्देश वगैरे आधीच लावून ठेवलेलं.

लाटेक म्हणजे काय, ते माझ्यासारख्यांसाठी थोडक्यात. डोनाल्ड नूथ या गणितज्ञाने १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहिली. जुनी खिळ्यांची छपाई जाऊन फोटोटाइपसेटिंग आलं होतं आणि पानं त्याला कुरूप वाटली. त्यातून 'टेक' ही अक्षरजुळणीची पद्धत जन्माला आली. त्यावर पुढे लेस्ली लॅम्पोर्टने 'लाटेक' चढवलं. यात तुम्ही पान रंगवत बसत नाही. साध्या मजकुराच्या फाइलीत 'हे प्रकरण', 'हा तक्ता', 'ही तळटीप' एवढंच सांगता आणि संगणक शेवटी पीडीएफ काढून देतो. आणि टेक एकेक ओळ घाईने तोडत नाही. अख्खा परिच्छेद एकदम बघून कुठे तोडलं तर सगळ्या ओळींत शब्दांमधली मोकळी जागा सारखी राहील ते ठरवतं. छापलेलं पान डोळ्याला शांत वाटतं ते त्यामुळे.

आता मराठी. जुनं लाटेक देवनागरीला सरळ ओळखत नाही. जोनाथन क्यूने २००४ मध्ये आणलेलं झीटेक युनिकोड आणि संगणकातले फॉन्ट थेट वापरतं, म्हणून टेम्प्लेट झीलाटेकवर, म्हणजे झीटेकवर चालणाऱ्या लाटेकवर, चालवावं लागतं. त्यात सुरुवातीला पाच-सहा ओळी घालायच्या: 'फॉन्टस्पेक' आणि 'पॉलिग्लॉसिया' ही दोन पॅकेजं (लाटेकला जोडायचे तयार संच), मुख्य भाषा मराठी, अंक देवनागरी आणि फॉन्टचं नाव. फॉन्टच्या नावापुढे लिपी देवनागरी असं सांगायला विसरू नका. मी विसरले होते. पहिली पीडीएफ निघाली त्यात 'मिठागर' मधली वेलांटी 'म' च्या मागे जाऊन पडली होती आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी होती. भाषाही मराठी सांगा, कारण ज्या फॉन्टमध्ये ती सोय आहे त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श त्याने येतो. मी फॉन्ट घेतला 'तिरो देवनागरी मराठी'. त्यात हे मराठी वळण मुळातच आहे. आयआयटी मुंबईचा 'शोभिका'ही लावून पाहिला. तो छान आहे, पण संस्कृत जास्त असलेल्या कामाला अधिक शोभेल असं माझं मत.

आणि दर्या? त्या पहिल्या नीट निघालेल्या पानावर मी आधी तोच शब्द शोधला. 'दर्या' मध्ये रफार डोक्यावर, 'वाऱ्याला' मध्ये आडवा, दोन्ही एकाच ओळीत, जागच्या जागी. भिंगाने पाहिलं.

सोयीचं म्हणाल तर एक प्रसंग पुरेसा आहे. जमा करायला दहा दिवस असताना मार्गदर्शक सरांनी सुचवलं, 'तक्ता' नको, सगळीकडे 'कोष्टक' करा. वर्ड प्रोसेसरमध्ये ४७ ठिकाणी मथळे, मजकुरात शेकडो उल्लेख आणि अनुक्रमणिकेतली यादी, म्हणजे तीन रात्री गेल्या असत्या. इथे मथळ्याच्या शब्दाची एक ओळ बदलली. उल्लेखही मी 'लेबल' आणि 'रेफ' या आज्ञांनी तक्त्यांच्या क्रमांकांशी बांधून ठेवले होते आणि त्यांच्या आधी येणारा शब्दही एकाच ठिकाणी ठरवला होता. दोनदा चालवलं, सगळं बदललं. दुसऱ्या प्रकरणातला एक तक्ता सरांनी काढायला लावला तेव्हाही पुढचे सगळे क्रमांक आपोआप सरकले.

पण या टेम्प्लेटने मला एकदा चांगलंच घाबरवलं, ते लिहिलंच पाहिजे. लाटेकमध्ये टक्क्याचं चिन्ह म्हणजे 'इथून ओळीच्या शेवटापर्यंतचं वाचू नको' अशी खूण. मी सर्वेक्षणाच्या प्रकरणात टक्के भरभरून लिहिले होते. चूक दाखवणारा एकही संदेश आला नाही, पीडीएफ सुरेख निघाली आणि सरांनी छापील प्रतीवर पेन्सिलीने लिहिलं, "वाक्य अपुरं". वाक्य आकड्यापाशीच तुटलेलं. पुढचे शब्द गायब आणि त्याला पुढच्या ओळीचा भलताच तुकडा चिकटलेला. शोधलं तर अशी एकवीस ठिकाणं. चिन्हाआधी बॅकस्लॅश द्यायचा, एवढाच उपाय. तुम्ही तर सरळ 'टक्के' असं अक्षरी लिहा. टेम्प्लेटच्या पहिल्या पानावर ही सूचना ठळक अक्षरात असायला हवी होती, ती नाही.

तशीच दुसरी खाच. उच्चार दाखवायला आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीची चिन्हं लागतात आणि देवनागरी फॉन्टमध्ये ती बहुधा नसतात. नसली की झीटेक थांबत नाही, तिथे नुसतं रिकामं किंवा चौकोन सोडून पुढे जातं आणि तक्रार लॉगच्या, म्हणजे नोंदींच्या, फाइलीत लिहून ठेवतं. त्या चिन्हांसाठी 'कॅरिस एसआयएल' हा वेगळा फॉन्ट लावला. शेवटची प्रत छापण्यापूर्वी लॉगमध्ये 'मिसिंग कॅरॅक्टर' शोधाच.

सूचीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मला सगळ्यात जास्त समाधानही तिथेच मिळालं. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' बसलाय 'ल' आणि 'व' यांच्यामध्ये. मराठी कोशात तो 'ह' नंतर येतो. सूची लावणारा प्रोग्राम तक्त्याच्या क्रमाने जातो, त्यामुळे 'मळा' आला 'महापूर'च्या कितीतरी आधी. इतरांना ही बारीक गोष्ट वाटेल. पण आमच्या बोलीत ळ चा ल होतो, 'डोळा' चा 'डोला', 'नारळ' चा 'नारल'. माझ्या सूचीत प्रमाण रूप आणि बोलीतलं रूप शेजारी शेजारी आहेत आणि 'ळ' कुठे बसतो हाच त्या प्रकरणाचा गाभा आहे. उपाय त्या मुलाने शोधला. सूचीतल्या प्रत्येक शब्दाला क्रमासाठी एक गुप्त रूप देता येतं, जे छापलं जात नाही. त्या रूपात 'ळ' च्या जागी अवग्रह, म्हणजे 'ऽ' टाकायचा. तक्त्यात अवग्रहाची जागा 'ह' च्या पुढे आणि काना-मात्रांच्या आधी आहे, अगदी हवी तिथे. मी त्याला पुरणपोळ्या दिल्या.

लांब शब्दांचा त्रास होतो. 'उच्चारणप्रक्रियेसंबंधीच्या' असा शब्द ओळीच्या शेवटी आला की तो समासात घुसतो आणि 'ओव्हरफुल एचबॉक्स' अशी तक्रार येते. मराठीचे शब्द तोडण्याचे नियम उपलब्ध आहेत, तरी काही ठिकाणी हाताने जागा दाखवावी लागली. बांधणीसाठी डावा समास दीड इंच ठेवला होता, तो टेम्प्लेटमध्ये एका जागी बदलता येतो. बरं झालं, कारण नौपाड्यातल्या बाइंडरने रेक्झिनमध्ये शिवताना अर्धा इंच खाल्लाच.

पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की देवनागरी विस्कटते, वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. वाङ्मयचौर्य तपासणीला आणि शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, फाइल देताना हा प्रश्न येतो. झीटेकमध्ये त्यासाठी 'जनरेट अ‍ॅक्च्युअल टेक्स्ट' नावाची एक कळ आहे, ती १ करून ठेवायची. मग पानावर काढलेल्या अक्षरांमागे खरा मजकूरही फाइलीत साठतो. मूळ टेम्प्लेटमध्ये ती नव्हती, मी घातली. त्यानंतर पीडीएफमध्ये 'दर्या' शोधला तर सापडू लागला.

खर्च शून्य, सगळं फुकट आहे. फक्त टेक लाइव्ह हा सगळा संच पूर्ण उतरवला तर काही जीबी जागा घेतं. मी आधी फुकटच्या एका ऑनलाइन सेवेवर सुरुवात केली, पण शंभर पानांनंतर दिलेल्या वेळेत फाइल चालेना, म्हणून घरच्या लॅपटॉपवर आणलं. प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत ठेवा. एका वेळी एकच प्रकरण चालवता येतं. ठाणे-वाशी लोकलमध्ये बसायला मिळालं की मी फोनवर नुसता मजकूर दुरुस्त करत असे, कारण ती शेवटी साधी टेक्स्ट फाइलच आहे. मराठी ग्रंथसंग्रहालयात टिपणं काढली तीही थेट तशीच. संदर्भसूचीच्या मराठी आणि इंग्रजी अशा दोन वेगळ्या याद्या 'बिबलाटेक' या संदर्भसूचीच्या पॅकेजने विनातक्रार दिल्या.

खरी अडचण माणसांची आहे. मार्गदर्शकाला वर्डची फाइलच हवी असेल, तिच्यात लाल रंगाने दुरुस्त्या करायच्या असतील, तर लाटेक घेऊ नका. रूपांतर होतं, पण तक्ते आणि तळटिपा धड राहत नाहीत. आमच्या सरांना मी आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, "मला कागद द्या, मी पेन्सिलीने करतो." त्यांचा हा होकार मिळाला म्हणूनच पुढचं सगळं जमलं. आणि शेवटच्या तीन महिन्यांत कुणी शिकायला घेऊ नये. माझे पहिले दोन शनिवार-रविवार नुसत्या चुका वाचण्यात गेले, हात बसायला दीड महिना लागला.

मराठीसाठी केलेले बदल मी टेम्प्लेटच्या एका वेगळ्या फाइलीत काढून ठेवलेत: फॉन्टच्या ओळी, मथळ्यांचे मराठी शब्द, ती कॉपीची कळ आणि 'ळ' ची युक्ती. ज्यांना हवी त्यांनी खाली लिहा, पाठवते. फक्त आपला प्रबंध युनिकोडमध्ये आहे ना, ते आधी बघून घ्या.