कोलाडला मार्चमधलं व्हाइटवॉटर कयाकिंग, बिगिनर कोर्सचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते. कोर्स पैसा वसूल आहे, ज्याला बऱ्यापैकी पोहता येतं आणि पाण्याची भीती नाही त्याने जरूर करावा. फक्त बुकिंग करायच्या आधी एक गोष्ट नीट विचारून घ्या, कारण कोलाडला "कयाकिंग" या एकाच नावाखाली दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी विकतात. एक म्हणजे साठलेल्या पाण्यावर चालवायची उघडी प्लास्टिकची होडी, जिच्यात आपण वर बसतो, थोडा वेळ वल्हवतो, फोटो काढतो आणि परत येतो, ती बहुतेक रिसॉर्टच्या पॅकेजमध्ये झिपलाइन वगैरेसोबत फुकट असते. दुसरी म्हणजे बंद बोट, ज्यात पाय आत सरकवून बसायचं, कंबरेला रबरी स्प्रे स्कर्ट लावून बोटीचं तोंड बंद करायचं आणि वाहत्या, उसळत्या पाण्यात जायचं. मला एका ठिकाणी फोनवर "हो मॅडम, व्हाइटवॉटरच आहे" असं छातीठोकपणे सांगितलं होतं आणि तिथे पोचल्यावर समोर शांत तलाव होता. म्हणून फोनवर सरळ विचारा की स्प्रे स्कर्ट देता का आणि बोट उलटल्यावर बाहेर यायला शिकवता का, समोरचा गोंधळला तर फोन ठेवून द्या.

आता मार्चमध्ये कोलाडच्या कुंडलिका नदीला पाणी कुठून येतं हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येकाने विचारला. बरोबरच आहे, सह्याद्रीतल्या बाकीच्या बहुतेक नद्या शिमग्यापर्यंत पार आटलेल्या असतात, त्यांच्यात बोट घालायची तर भर पावसातच. कुंडलिकेचं वेगळं आहे कारण तिच्यात येणारं हे पाणी मुळात तिचं नाहीच. ते मुळशीचं. पुण्याहून ताम्हिणीमार्गे आलात तर वाटेत जो मुळशीचा जलाशय दिसतो ना, तेच पाणी डोंगरातून पाइपने 500 मीटरच्या आसपास खाली येतं, भिऱ्याच्या पॉवर हाऊसमध्ये वीज बनवतं आणि मग कुंडलिकेत सोडतात. हे 1927 पासून चालू आहे. ज्या धरणासाठी मावळातली गावं पाण्याखाली गेली आणि सेनापती बापटांनी 1921 मध्ये सत्याग्रह उभा केला, तेच हे धरण, त्यामुळे ते पाणी बघताना हे मनात येतंच आणि यावंही. एरवी हे पाणी मुळेतून भीमेत, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं, इथे ते उलट्या बाजूने अरबी समुद्राला मिळतं आणि मधल्या वाटेवर आपण बोट चालवतो.

याचा सरळ अर्थ असा की पाणी कधी येणार हे पावसावर नाही, विजेवर ठरतं. साधारण सकाळीच सोडतात पण घड्याळ लावून बसू नका. आमच्या टीममध्ये मदतीला जवळच्याच गावातला एक मुलगा होता, तो काठावर उभा राहून एका काळ्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, तो दगड पूर्ण बुडाला की निघायचं, तोवर चहा घ्या." मला वाटलं गंमत करतोय, पण खरंच तसंच होतं. आधी नुसते गोटे उघडे आणि त्यांच्यामधून घोट्याएवढं पाणी वाहतंय, मग वरून सुकलेली पानं आणि फेस वाहत आला, पाण्याचा आवाज जरा जाड झाला, आणि बघता बघता तो दगड ओला, मग अर्धा, मग गायब. समोरच्या काठावर पांगारा फुललेला, खाली नदी भरत चाललेली, नुसतं हे बघायला पण मी परत जाईन.

आता शिकवण्याबद्दल, कारण रिव्ह्यू खरं तर त्याचाच आहे. पहिल्या दिवशी धारेत नेलंच नाही. ग्रुपमधली दोन-तीन पोरं यावरून वैतागली होती, पैसे भरलेत तर रॅपिडमध्ये, म्हणजे जिथे नदी खडकांतून उसळत जाते तिथे, न्या ना, पण माझ्या मते या लोकांचं सगळ्यात चांगलं काम हेच. शांत पाण्यात आधी बोट उलटवून बाहेर यायचं, पुन्हा पुन्हा, तोपर्यंत जोपर्यंत चेहऱ्यावरची घाई जात नाही. पद्धत अशी: उलटलात की पुढे वाकून छाती बोटीला चिकटवायची म्हणजे डोकं आणि तोंड दगडापासून वाचतं, दोन्ही हात वर काढून बोटीच्या बुडावर थापायचं म्हणजे जवळच्या माणसाला कळतं, मग स्कर्टचा पुढचा पट्टा आधी पुढे आणि मग वर ओढायचा, आणि पँट काढल्यासारखं बोटीतून पाय सोडवून बाहेर. वाचायला सोपं आहे, पण नाकात पाणी आणि डोकं खाली असताना तो पट्टा शोधणं ही वेगळीच गोष्ट आहे. आमचे सर नेपाळचे, तिथल्या त्रिशूली नदीवर शिकलेले, हिंदीत बोलायचे, आणि प्रत्येकाच्या शेजारी स्वतः कमरेभर पाण्यात उभे. स्कर्ट लावताना पट्टा आत अडकला नाहीये ना, हे ते प्रत्येक वेळी स्वतः हात लावून बघायचे. पट्टा आत राहिला तर ओढायला काही उरतच नाही, आणि ही एक चूक खरोखर जीवावर बेतू शकते. जिथे हे कोणी तपासत नाही तिथे बोटीत बसूच नका.

दुपारनंतर कमरेचा झटका. लोकांना वाटतं उलटलेली बोट हाताच्या जोराने सरळ होते, तसं नाहीये, ती कमरेने आणि गुडघ्याने होते आणि डोकं सगळ्यात शेवटी पाण्याबाहेर यायला हवं. आपलं डोकं मात्र श्वासासाठी सगळ्यात आधी वर धावतं आणि बोट परत उलटते. दोन दिवसांत पूर्ण रोल, म्हणजे बाहेर न येता उलटलेली बोट आतूनच सरळ करणं, येईल अशी अपेक्षा ठेवू नका आणि कोणी तशी गॅरंटी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी साजे गावाच्या बाजूने नदीत उतरलो. राफ्टवाले (बऱ्याच जणांनी मिळून वल्हवायची हवा भरलेली होडी) साधारण 12 किलोमीटर जातात, आम्हाला त्यातला थोडाच भाग करवला आणि तोही थांबत थांबत, ते योग्यच. रॅपिड ग्रेड दोन-तीनचे आहेत (एक सगळ्यात सोपा, सहा सगळ्यात अवघड), मॉर्निंग हेडेक, राजधानी एक्सप्रेस अशी त्यांची नावं, राफ्टमध्ये बसून ते किरकोळ वाटतात पण कयाकमध्ये तुमचे डोळे पाण्यापासून हातभर वर असतात आणि तीच लाट भिंत होऊन समोर येते. खरी मजा मात्र लाटेत नाही, एडीत आहे. मोठ्या खडकाच्या मागे पाणी उलट दिशेने वर सरकत असतं, तिथे बोट थांबते, दम खाता येतो, पुढचं बघता येतं. पण धारेतून एडीत शिरताना दोन्ही पाण्यांच्या सीमेवर बोट वळणाच्या बाजूला कलवावी लागते, उलट कललात तर क्षणात खाली डोकं वर पाय. हे एकदा जमलं की नदी उतरायची एकच एक घसरगुंडी राहत नाही, थांबत, बघत, ठरवत जाता येतं, आणि मला तरी या खेळात हेच सगळ्यात जास्त आवडलं.

सेफ्टीला पूर्ण मार्क. प्रत्येक रॅपिडच्या खाली एक जण आधी जाऊन थांबलेला, एक काठावर पडलेल्याकडे फेकायच्या दोरीची पिशवी घेऊन. पाण्यात पडलात तर पाठीवर, पाय पुढे आणि वर, आणि वाहत्या पाण्यात काही झालं तरी उभं राहायचं नाही कारण पाय दगडात अडकला की पाणी तुम्हाला पालथं दाबतं, हे इतक्या वेळा सांगितलं की आता झोपेत पण आठवेल.

बोटी जुन्या पण चांगल्या होत्या, बहुतेक पिरान्हा कंपनीच्या, ओरखडे खूप पण आतले मांड्यांचे आधार आणि पाठीचा पट्टा सगळं ॲडजस्ट होत होतं. हेल्मेटच्या बाबतीत मात्र तक्रार आहे, लहान साइझची कमी होती, आमच्यातल्या एका मुलीला सैल हेल्मेट आतून फडका लावून दिलं, आणि ज्या नदीत पाणी उथळ आणि गोटे खूप तिथे हे चालायला नको. मी तिथेच बोलले, त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरीकडून बरोबर साइझ आणली, पण ती आधीपासून असायला हवी होती. बायकांसाठी कपडे बदलायची जागा म्हणजे ताडपत्रीचा आडोसा, तो पण सुधारा प्लीज. जेवणाबद्दल एक शब्द वाईट नाही, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, आणि भूक अशी लागलेली की कोणी बोलतच नव्हतं.

ऋषिकेशला शिकावं की इथे, असं बरेच जण विचारतात. गंगा मोठी नदी, पाणी भरपूर, रॅपिड मोठे, शिकवणाऱ्या शाळा जुन्या, शंकाच नाही. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथलं पाणी बर्फासारखं गार असतं, चार वेळा उलटलं की दात वाजायला लागतात आणि शिकायचं डोकंच चालत नाही. कोलाडला त्या दिवसांत बाहेर ऊन तापलेलं आणि पाणी नुसतं छान गार, दिवसभर उलटापालट करा. नवशिक्यासाठी मला हा फरक फार मोठा वाटतो. शनिवार-रविवारी मात्र राफ्टची जत्रा असते, कयाक शिकायला मधले वार घ्या.

मुंबईकरांना कोकण रेल्वेचं कोलाड स्टेशन आहे, पुणेकरांनी ताम्हिणी उतरून विळ्याहून वळावं. नाकाची क्लिप स्वतःची न्या, पायात पट्ट्याचे किंवा बंद बूट हवेत, चपला वाहून जातात. कॉटनचे कपडे नको, चष्मा असेल तर मागून दोरी. आदल्या रात्री फोन करून पाणी सोडणार आहेत ना ते विचारा, आणि नाही सोडलं तर पैसे परत की तारीख बदलून, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या, आम्हाला तारीख बदलून देतो म्हणाले होते.