वाक्प्रचारांच्या व्हिडिओंचा पेनड्राइव्ह : सात महिने वर्गात वापरल्यावर

मागच्या सोमवारी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तर टीव्हीला तो दिसेचना, लॅपटॉपला लावला तर फॉरमॅट करा म्हणतोय. ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन केला तर म्हणे वॉरंटी सहा महिन्यांची, तुमचा सातवा चालू आहे, नवीन घ्या, जुन्या ग्राहकांना दोनशे कमी. १४९९ रुपये मी पदरचे घातलेत म्हणून जास्तच राग आला. तर आता सगळंच लिहिते.

आमची जिल्हा परिषदेची शाळा, माझ्याकडे चौथी, २३ मुलं. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवर फुकट व्हिडिओ मिळतात हे माहितीये, पण इथे नेट टिकत नाही म्हणून हा घेतला. चाळीस-पन्नास सेकंदांचे व्हिडिओ, वाक्प्रचार, म्हणी, थोडं उपमा आणि चेतनगुणोक्ती. चित्रं सुंदर, आवाज स्वच्छ, मुलं जागची हलत नाहीत.

पण ती पिवळी पट्टी! प्रत्येक व्हिडिओत तिसऱ्याच सेकंदाला खाली पट्टी येते, 'पोटात कावळे ओरडणे – खूप भूक लागणे'. पोटात कावळे कसे काय, असं मुलाच्या मनात येतंय न येतंय तोवर उत्तर हजर, मग ते डोकं कशाला चालवेल? शिष्यवृत्तीला पर्याय निवडायला चालेल हे, भाषा शिकायला नाही. पट्टी बंद करायची सोय नाही, विचारलं तर म्हणाले पालकांना तेच आवडतं. शेवटी जुन्या कॅलेंडरच्या पानाची चार बोटं रुंद पट्टी कापली आणि टीव्हीच्या खालच्या कडेला टेपने चिकटवली. आवाजात अर्थ शेवटी येतो, त्याच्या आधी मी पॉज करते.

आणि इथे माझं मत बदललं. सुरुवातीला मला ती शब्दशः चित्रं चुकीची वाटायची, मुलांना खरंच वाटेल अशी भीती. 'डोळ्यात तेल घालून' मध्ये रखवालदार बुधलीतून डोळ्यात थेंब सोडतो. कागद लावल्यावर तोच व्हिडिओ लावला तर एक मुलगी म्हणाली, "बाई, आग नाही का होणार?" दुसरी म्हणाली, "होणारच, मग झोप कुठली?" आणि पहिलीच ओरडली, "म्हणजे जागं राहायचं!" मी एक शब्द बोलले नव्हते. म्हणजे चित्र नाही, पट्टीच घात करत होती.

सगळीकडे चित्र चालत नाही हेही खरं. 'कानाडोळा करणे' ला डोळ्याच्या जागी कान काढलाय, त्यातून काही कळत नाही. तिथे आई हाका मारतेय आणि पोरगं खेळतंच आहे असं दाखवायला हवं होतं. उपमेचा व्हिडिओ तर मी वापरणं बंदच केलं, त्यात सांगितलंय 'सारखा' दिसला की उपमा ओळखा, तर एका मुलाने वहीत लिहून आणलं, 'तो सारखा रडतो – उपमा'. दोन तास गेले ते निस्तरायला.

चेतनगुणोक्तीचा व्हिडिओ तीन आठवड्यांत पाच वेळा दाखवला. निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते, ही व्याख्या सगळ्यांना पाठ, पण स्वतःचं उदाहरण एकाला देता येत नव्हतं. आणि त्या सोमवारी मी पेनड्राइव्ह काढतेय, घालतेय, तर मागच्या बाकावरून एक जण हळूच म्हणाला, "बाई, टीव्ही रुसला." तसंच फळ्यावर लिहिलं. मग पंखा कुरकुर करतो, खडू दमला, दप्तर पाठीवर बसून शाळेत येतं, तासाभरात फळा भरला. फोटो काढून ठेवलाय, इतका आनंद झाला मला.

दोनशेच्या सवलतीत नवीन घेणार नाहीये. त्याऐवजी मोबाइलवर मुलांचे आजी-आजोबा बोलताना रेकॉर्ड करायचं ठरवलंय, गावातल्या म्हणी कुठल्याच पेनड्राइव्हमध्ये नाहीत. ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी आधी पट्टी बंद होते का ते विचारा, आणि पहिल्याच दिवशी सगळं लॅपटॉपवर कॉपी करून ठेवा, मी ठेवलं नव्हतं.