केईएफ आर७ ला वेगळा पॉवर अ‍ॅम्प जोडल्यानंतर: फोंड्यातला एक पावसाळा आणि एक उन्हाळा

बातम्या, मालिका आणि घरातली माणसं झोपल्यावर हळू आवाजात एखादा सिनेमा, एवढंच ज्यांचं ऐकणं आहे त्यांनी स्पीकरांना जादा ताकद देणारा वेगळा पॉवर अ‍ॅम्प घेऊ नये. सगळे स्पीकर एकट्याने चालवणारा डबा, म्हणजे रिसीव्हर, पुरतो. स्पीकर महागाचे असले तरी पुरतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुकानात कुणी सांगत नाही.

गोव्यात फोंड्याला आमचं घर चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), थिएटर मागच्या बाजूच्या स्लॅबच्या खोलीत. खोली साधारण १८ बाय १२ फूट. समोर केईएफ कंपनीचे आर७ हे टॉवर स्पीकर, संवादांसाठी त्याच मालिकेतला मधला सेंटर, मागे छोटे सराउंड आणि १२ इंची एक सबवूफर, म्हणजे बासचा स्पीकर. हे सगळं चालवायला एका जपानी कंपनीचा मधल्या किमतीतला रिसीव्हर. कागदावर चॅनलमागे १०५ वॅट, पण तो आकडा ८ ओहमवर (ओहम म्हणजे विजेला होणारा रोध) आणि दोनच चॅनल चालू असताना मोजलेला. बहुतेक रिसीव्हरांचा तसाच असतो. सातही चॅनल एकदम ओढायला लागले की एकच ट्रान्सफॉर्मर सगळ्यांत वाटला जातो.

आता आर७ कडे बघा. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे साधारण एका वॅटला एक मीटरवर मिळणारा आवाज, ८८ डेसिबल; वाईट नाही. ‘८ ओहम’ असं लिहिलेलं, आणि पुढे बारीक अक्षरात ‘किमान ३.२’. सगळी गोम त्या बारीक अक्षरात आहे. माझी खुर्ची स्पीकरपासून ३ मीटरवर. खोलीच्या भिंतींची मदत धरली तरी एका वॅटला तिथे ८२ डेसिबलच्या आसपास पोचतात. सिनेमाच्या रेफरन्स पातळीला, म्हणजे सिनेमागृहासाठी ठरलेल्या आवाजाला, मुख्य चॅनलचे सर्वांत मोठे धक्के १०५ डेसिबलपर्यंत जातात. २३ डेसिबल वर चढायचं म्हणजे २०० वॅट. घरात रेफरन्सला कुणी ऐकत नाही. १० डेसिबल खाली ऐकलं तर २० वॅटच लागतात. म्हणूनच रिसीव्हरवर माझं बराच काळ छान भागलं. भांडण वॅटचं नाही, अँपिअरचं, म्हणजे करंटचं, आहे. ८ ओहमवर २०० वॅट म्हणजे ४० व्होल्ट आणि ५ अँपिअर. तेच ४० व्होल्ट ३.२ ओहमवर गेले की १२.५ अँपिअर मागतात. क्षणभरच, पण मागतात. तिथे रिसीव्हर हात आखडता घेतो.

मेनूत ‘४ ओहम’ची सेटिंग असते तिच्या नादी लागू नका. बहुतेक रिसीव्हरांत ती आतलं व्होल्टेज उतरवते. मशीन थंड राहतं, ताकद मात्र कमी होते.

मी घेतला एनएडी सी २९८. दोन चॅनल, ८ ओहमला १८५ वॅट, ४ ओहमला ३४०. ओहम निम्मे झाल्यावर वॅट जवळजवळ दुप्पट होतात, याच आकड्यावर मी पैसे दिले. आतलं सर्किट प्युरिफाय कंपनीचं आयगेनटाक्ट, म्हणजे क्लास डी: भराभर चालू-बंद होणारं, कमी तापणारं. त्यामागचे ब्रूनो पुट्झेस हे हायपेक्स कंपनीच्या एनकोअर या तशाच सर्किटचेही जनक. क्लास डी म्हटलं की जुने शौकीन नाक मुरडतात. मुरडोत बापडे. मे महिन्यात फोंड्यात एसी बंद ठेवून जुन्या पद्धतीचा, जास्त तापणारा क्लास एबीचा मोठा अ‍ॅम्प लावून बसा, मग बोलू. सी २९८ तासन्‌तास चालून नुसता कोमट होतो, आणि आमच्याकडे तापणाऱ्या मशीनपाठी मुंग्या आणि पाली येतात हा हिशेबही आहेच.

जोडणी सोपी. रिसीव्हरच्या फ्रंट प्रीआउटमधून (बाहेर सिग्नल देणारी भोकं) दोन आरसीए वायरी, १२ व्होल्ट ट्रिगरची एक वायर, की रिसीव्हर चालू झाला की अ‍ॅम्पही चालू. अ‍ॅम्पच्या मागे गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, कमीजास्त करता येतो. त्यानंतर ऑडिसी (खोली मापून आवाज जुळवणारी रिसीव्हरमधली सोय) परत चालवावीच लागते, कारण गेन बदलला की डावा-उजवा आणि सेंटर यांची जुनी पातळी जुळत नाही. बऱ्याच लोकांना अ‍ॅम्प जोडल्यावर ‘स्टेज मोठं झालं’, म्हणजे समोरचा आवाज जास्त पसरला, असं वाटतं ते निव्वळ समोरचे दोन स्पीकर दोन डेसिबल मोठे वाजू लागल्यामुळे.

फरक कुठे? पिंक नॉइज (मोजणीसाठीचा सलग खरखराट) लावून, मीटरने पातळी जुळवून, भाच्याला वायरी बदलायला बसवलं. व्हॉल्यूम उणे २५ ला (रेफरन्सच्या २५ डेसिबल खाली) मला काही ओळखता आलं नाही. त्यालाही नाही. उणे ८ ला मात्र दोघांनाही लगेच.

आमची खरी परीक्षा होती चवथीची आरती. भाच्याने वाड्यावरच्या आरतीचं रेकॉर्डिंग चांगल्या रेकॉर्डरवर केलेलं आहे: घुमटं, शामेळ हा ढोल, आणि कासाळें म्हणजे झांजा. घुमट २०१९ मध्ये गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं, पण ते स्पीकरवर नीट वाजवणं अवघड. मातीच्या मडक्याच्या एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड डाव्या हाताने उघडझाप करायचं; त्यामुळे ठोक्यातला घुमार वर-खाली सरकतो. त्यावर कासाळ्यांचे टोकदार फटकारे. सरासरी आवाज बेताचा, धक्के प्रचंड. रिसीव्हरवर आवाज वाढवला की घुमटाचा ठोका पडताक्षणी कासाळें काचेसारखी किरकिरायची, सगळं एकमेकांत मिसळून जायचं. सी २९८ वर ठोका ठोक्याच्या जागी, कासाळें आपल्या जागी, आणि मडक्याच्या तोंडावरचा हात ऐकू येतो. वर आणखी व्हॉल्यूम देता येतो आणि कान आवळत नाहीत. आमच्या आईने पहिल्यांदाच ‘बारीक कर गो बाई’ असं बायकोला सांगितलं नाही, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र माझ्याकडे नाही.

सिनेमात फरक आरतीपेक्षा कमी. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे जातं आणि समोरच्या स्पीकरांचा जडातला जड भार तिथेच उतरतो. ज्यांनी मोठे टॉवर मेनूत ‘लार्ज’वर (खालचा बासही त्यांनाच) ठेवलेत त्यांनी अ‍ॅम्प घेण्याआधी ‘स्मॉल’ करून बघावं. अर्धं दुखणं फुकटात जातं. सेंटर अजून रिसीव्हरवरच आहे. संवादांना त्याने काही कमी पडलेलं नाही, उलट समोरच्या दोघांचं ओझं उतरल्यावर रिसीव्हरच्या ट्रान्सफॉर्मरलाही श्वास मिळाला.

अ‍ॅम्प आला तसा गुणगुणाटही आला, आणि इकडे गोव्यातल्या लोकांनी जरा लक्ष द्या. स्पीकरमधून ५० हर्ट्झचा ‘हूंऽऽ’. कारण अ‍ॅम्प नव्हता. केबल टीव्हीची कोअ‍ॅक्स वायर बाहेर कुठेतरी वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली, घराचं अर्थिंग वेगळं, आणि या दोघांतला फरक आरसीएच्या जाळीवरून वाहू लागलेला. कोअ‍ॅक्स सेटटॉप बॉक्समधून उपटली की गुणगुण गप्प. तिच्यावर आयसोलेटर (अर्थची जोडणी तोडणारा) लावला. पुढे फायबर आल्यावर ती वायरच काढली. प्लगची अर्थ पिन काढून टाकायचा सल्ला देणारे वायरमन अजून भेटतात. ऐकू नका. आवाज जातो खरा, पण पुढे कधी शॉर्ट झाला तर अ‍ॅम्पची पत्र्याची बॉडी जिवंत होते आणि हात लावणारा मरू शकतो.

अर्थिंगचं आणखी एक. जांभा दगडाची जमीन एप्रिल-मेमध्ये कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा रोध चढतो. पावसाळ्यात मोजून ‘बरं आहे’ म्हणून सोडू नये. आमच्या वायरमनने उन्हाळ्यात मोजलं, खड्डा खोल केला. आता उन्हाळाभर त्यात पाणी ओततो. वळवाच्या गडगडाटाआधी सगळे प्लग भिंतीतून बाहेर, हे तर कुठल्याही सर्ज प्रोटेक्टरपेक्षा बरं. संध्याकाळी व्होल्टेज खाली-वर होतं म्हणून रिसीव्हर आणि प्रोजेक्टर यूपीएसवर आहेत, अ‍ॅम्प थेट १६ अँपिअरच्या सॉकेटवर.

पावसाळ्यात खोली सादळते. कुबट वासाचा गालिचा जूनमध्ये गुंडाळून वर ठेवावा लागतो, आणि तो गेला की फरशीवरून आवाज उडायला लागतो. म्हणून ऑडिसीची दोन मापं ठेवली आहेत, गालिच्यासकट आणि गालिच्याविना. डिह्युमिडिफायर चालू असतो. मिरामारला समुद्राजवळ राहणाऱ्या मित्राकडे स्पीकर वायरची उघडी टोकं हिरवी पडली. तिथे टोकं उघडी न ठेवता बनाना प्लगमध्ये घट्ट दाबून घ्यावीत.

वायर मी वीजसामानाच्या दुकानातून आणली: तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटर. ५ मीटर लांबीला जाऊन-येऊन रोध ०.०७ ओहमच्या आसपास. ३.२ ओहमपुढे तो किरकोळ. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तेवढी टाळा. मधल्या काळात एका मित्राचा बाहेरचा डॅकही (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा डबा) लावून पाहिला. त्यात अर्थ नाही: रिसीव्हरला अ‍ॅनालॉग सिग्नल दिला आणि ऑडिसी चालू असली तर तो परत डिजिटल करूनच पुढे जातो. मग बाहेर केलेली मेहनत कशाला?

अ‍ॅम्पने जे सुटलं नाही ते चिऱ्याच्या भिंतींमुळे. या भिंती हलत नाहीत, बास बाहेर जाऊ देत नाहीत. १८ फुटांच्या लांबीला ३१ हर्ट्झच्या आसपास खोली घुमते, रुंदीला ४७ च्या आसपास. माझ्या खुर्चीवर ३१ वाला फुगवटा अजून आहे. ऑडिसी तो कापते, पण आवाज थांबल्यावर राहणारं शेपूट कापता येत नाही. सराउंडसाठी आणखी अ‍ॅम्प घेणार का असं भाचा विचारतो. मुळीच नाही. पुढचे पैसे दुसऱ्या सबवूफरचे. एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा बरोबर समोर मागच्या भिंतीच्या मध्यावर, दोन्ही एकाच फेजमध्ये, म्हणजे एकाच वेळी एकाच दिशेने ढकलणारे. मग लांबीचा तो पहिला मोड, म्हणजे ३१ हर्ट्झचा घुमार, दोघं मिळून एकमेकांत मारून टाकतात. मागच्या भिंतीशी सध्या पुस्तकांचं कपाट आहे. ते हलवण्याबद्दल घरात बोलणी चालू आहेत.