वर्षातून एकदा येणाऱ्या बिलांसाठी: पाकिटे की वेगळे खाते?

दूध, किराणा, वीज या महिन्याच्या खर्चाची बसवणूक होते. घर अडते ते वर्षातून एकदोनदा येणाऱ्या बिलांपाशी. आमच्याकडे घरपट्टी-पाणीपट्टी ९,०००, आयुर्विमा २४,०००, मुलांची शाळा १८,०००, दोन दुचाकींचा विमा ५,५०० आणि वर्षाची ज्वारी, डाळ, तिखट मिळून १५,५०० अशी बेरीज ७२,००० होते. म्हणजे दरमहा ६,००० बाजूला काढायला हवेत. ते ठेवायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. मी चार वर्षे पाकिटे वापरली आणि गेली तीन वर्षे वेगळे बचत खाते वापरतो आहे.

पाकिटांचा गुण मोठा आहे. कपाटातल्या स्टीलच्या डब्यात पाच खाकी पाकिटे, प्रत्येकावर खर्चाचे नाव आणि कोणत्या महिन्यात किती टाकले याची नोंद. ‘शाळा’ लिहिलेल्या पाकिटातून पैसे काढताना हात आपोआप थबकतो, तसा तो बँकेतल्या आकड्यापुढे थबकत नाही.

तरीही एका गोष्टीने मला पाकिटे सोडायला लावली. पैसे रोख साठतात आणि बिले मात्र मोबाइलवरून भरली जातात. मार्चमध्ये घरपट्टीचे ४,५०० मी पगाराच्या खात्यातून भरले, कारण थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते आणि मुदत टळू द्यायची नव्हती. पाकिटातली तेवढीच रोकड नंतर खात्यात भरायची होती, पण त्यासाठी बँकेत जाणे राहून गेले आणि ती भाजीत, गॅसमध्ये, पाहुण्यांच्या सरबराईत संपली. कोणीही उधळपट्टी केली नव्हती, तरी पगाराच्या खात्यातला खड्डा भरून निघाला नाही. मग एका पाकिटातून दुसऱ्यात उसनवारी सुरू झाली. सप्टेंबरमध्ये पत्नी म्हणाली, “अहो, विम्याच्या पाकिटात नुसत्या चिठ्ठ्याच आहेत.” त्या वर्षी दुचाकींचा विमा आठ दिवस खंडित राहिला आणि ते आठही दिवस मी रिक्षाने कामावर गेलो.

वेगळ्या खात्यात ही अडचण मुळातच उद्भवत नाही, कारण पैसा जिथे साठतो तिथूनच बिल भरले जाते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ६,००० आपोआप तिकडे वळते होतात. त्या खात्याचे डेबिट कार्ड मी घेतलेले नाही आणि ते मोबाइलच्या यूपीआयलाही जोडलेले नाही. एवढी गैरसोय मुद्दाम ठेवावी, असे मला वाटते. दोष असा की सगळी रक्कम एकत्र दिसते. जानेवारीत, ऐन सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, खात्यात पस्तीस-चाळीस हजार असतात आणि ते मोकळे असल्याचा भास होतो. म्हणून वहीत पाच रकाने आखून दरमहा दहा मिनिटे नोंद करावी लागते. ज्यांना ही वही लिहिणे जमणार नाही, त्यांना कदाचित पाकिटेच सोयीची पडतील.

आवर्ती ठेवीचाही विचार केला होता. पण पोस्टाची मुदत पाच वर्षांची, ती मोडायची तरी तीन वर्षे थांबावे लागते. आमची बिले तेवढी थांबत नाहीत.

एक पाकीट मात्र अजून आहे. सुगीनंतर मालदांडी ज्वारी आम्ही रोखीनेच घेतो, त्यामुळे फेब्रुवारीत १५,५०० एकदाच काढून त्यात ठेवतो.

खाते उघडायचे ठरवल्यास सुरुवात शक्यतो एप्रिलमध्ये करू नये, कारण दोन हप्त्यांत जूनची फी भागत नाही. आम्ही नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या बोनसमधले २०,००० आधी टाकले आणि मग मासिक हप्ते सुरू केले. फेब्रुवारीत धान्याचे, मार्चमध्ये आयुर्विम्याचे आणि घरपट्टीच्या सहामाहीचे पैसे गेल्यावर मेअखेर खात्यात १८,००० उरले होते, आणि जूनमध्ये शाळेची फी प्रथमच कोणाकडे हात न पसरता भरली गेली.