पेनं ठेवायला घरातलं काय वापरावं? बरणी, चमच्यांचा ट्रे, पत्र्याचा डबा आणि खोल फोटोफ्रेम

डबा शोधण्याआधी सगळी पेनं टेबलावर मांडून दोन ढीग करा: शाई भरलेली आणि रिकामी. निम्मा निर्णय तिथेच होतो. शाई भरलेलं फाउंटन पेन निब वर करून किंवा आडवं ठेवायचं. निब खाली राहिली की शाई टोपणात उतरते आणि पुढच्या वेळी टोपण काढताच बोटं रंगतात. बॉलपेन आणि जेल पेनचं उलटं. त्यांचं टोक वर राहिलं की शाई गोळीपासून मागे सरकते, मध्ये हवा शिरते आणि पेन कोरडं चालतं. आडवं ठेवलं तर दोघांचंही भागतं. म्हणून दोन्ही प्रकार एकाच ठिकाणी ठेवायचे असतील तर उभ्या भांड्यांचा नाद सोडलेला बरा.

मग मोजपट्टी घ्या. टोपण लावलेलं फाउंटन पेन साधारण 13 ते 15 सेंमी लांब आणि टोपणापाशी 13 ते 15 मिमी जाड असतं. क्लिप आणखी 3-4 मिमी बाहेर येते. त्यामुळे आडव्या डब्याची आतली लांबी निदान 16 सेंमी हवी आणि दर पेनामागे 20 मिमी रुंदी धरायची. डोळ्यांच्या अंदाजावर आणलेले डबे बहुतेक एखाद्या सेंटीमीटरने चुकतात, आणि चुकतात ते लांबीतच.

काचेची बरणी की चमच्यांचा ट्रे

बरणी दिसायला छान, म्हणून सगळे आधी तिच्याकडे वळतात. रोज हाताशी लागणाऱ्या पाच-सात पेनांसाठी ती ठीकच आहे. त्याहून जास्त कोंबली की एक उपसताना दुसऱ्याची क्लिप अडकते आणि टोपणं एकमेकांवर घासून चकचकीत पृष्ठभागावर बारीक रेघा उमटतात. त्यावर उपाय नळ्यांचा. जाड कागद गुंडाळून बाहेरून 20 मिमी व्यासाच्या, 8 सेंमी उंचीच्या नळ्या करा. आतून 60 मिमी व्यास असलेल्या बरणीत अशा बरोबर 7 नळ्या बसतात, मधोमध एक आणि भोवती सहा. 98 मिमीच्या बरणीत 19 मावतात. मात्र व्यास तोंडाशी मोजा, पोटाशी नाही. तोंड आवळलेलं असेल तर नळ्यांचा जुडगा आत जाणारच नाही. नळी 8 सेंमीपेक्षा उंच केली तर क्लिप काठावर अडकते. हलकी बरणी कलंडत असेल तर तळाशी 2 सेंमी धुतलेली, पूर्ण वाळलेली वाळू आणि तिच्यावर घट्ट बसणारी पुठ्ठ्याची चकती घाला. चकतीविना वाळू नको, तिच्या कणांनी पेनांची टोकं खरवडतात.

बरणीचं खरं दुखणं म्हणजे उजेड. काही फाउंटन पेनं एबोनाइटची असतात, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. उजेड आणि दमटपणा यांनी काळं एबोनाइट तपकिरी, कधी शेवाळी छटेचं होतं, आणि घासून वरचा थर काढल्याशिवाय मूळ काळा रंग परत येत नाही. खिडकीतल्या बरणीत एबोनाइटची पेनं ठेवणं म्हणजे ती उन्हात वाळत घालणंच.

चमच्यांचा ट्रे दिखाऊ नाही, पण ज्यांच्याकडे वीस-तीस पेनं आहेत त्यांना आम्ही तोच सुचवू. तो ड्रॉवरमध्ये जातो, म्हणजे उजेड आणि धूळ दोन्ही टळतात. ट्रे जसाच्या तसा वापरला तर मात्र ड्रॉवर ओढला की सगळी पेनं एका कडेला लोळतात. त्यासाठी पुठ्ठ्याच्या चुण्या कराव्या लागतात. 30 सेंमी रुंदीच्या कप्प्यासाठी 45 सेंमी लांब पुठ्ठ्याची पट्टी घ्या, पट्टीची रुंदी कप्प्याच्या लांबीइतकी. दर 15 मिमीवर बोथट सुरीने दाबरेघ मारा आणि आलटून-पालटून वर-खाली दुमडा. पट्टी 30 सेंमीत दाबली की 15 खाचा तयार होतात, प्रत्येक 20 मिमी रुंद आणि सुमारे 11 मिमी खोल. पेन खाचेत बसल्यावर त्याचा वरचा भाग तळापासून 17 ते 19 मिमीवर येतो, म्हणून कडेची उंची 25 मिमी असली की पुरतं. क्लिप वर न ठेवता बाजूला कलती ठेवा, नाहीतर ड्रॉवर बंद करताना वरच्या फळीला घासते.

नेहमीची चूक म्हणजे पट्टी नुसती ठेवून देणं. चार दिवसांत ती पसरते आणि खाचा सपाट होतात. दोन्ही टोकं ट्रेच्या भिंतीला पांढऱ्या गोंदाने चिकटवा, वरून धुतलेलं सुती कापड खाचांत दाबून बसवा आणि ट्रे दोन दिवस उघडा ठेवून गोंदाचा वास पूर्ण जाऊ द्या.

पत्र्याचा डबा की लाकडी पेटी

हे दोन्ही महिनोन् महिने हात न लागणाऱ्या पेनांसाठी. बिस्किटांचा गोल डबा मोह पाडतो, पण जागा वाया घालवतो: 19 सेंमी व्यासाच्या डब्यात 14.5 सेंमीची पेनं आडवी ठेवायला मधला जेमतेम 12 सेंमीचा पट्टा मिळतो, म्हणजे सहा पेनं. चौकोनी डबा घ्या. धुतल्यावर तो एक दिवस उघडा वाळवा. काठाच्या आत वळलेल्या पत्र्यात पाणी साचून राहतं आणि गंज तिथूनच धरतो.

पत्र्याचं घट्ट झाकण दमट हवेत वरदान आहे, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी असेल तर. नारिंगी दाण्यांची पुडी घ्या. रंग बदलला की तिचं काम संपलं. पण सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या एका प्लॅस्टिकची, पेनं असतील तर हेच झाकण घातक. सेल्युलॉइड कुजायला लागलं की आम्लयुक्त वायू सोडतं. ते बंद डब्यात कोंडले की त्याच पेनाची झीज वेगाने वाढते आणि शेजारच्यांनाही बाधा होते. पेनाला आंबूस वास येणं, अंगात बारीक तडे दिसणं, कड्यांवर हिरवट थर चढणं ही त्याची लक्षणं. असं पेन लगेच वेगळं करा. सेल्युलॉइडसाठी हवा खेळेल अशी लाकडी पेटी किंवा साधं बुटांचं खोकंसुद्धा पत्र्याच्या डब्याहून चांगलं. फक्त पेटी नवीन असेल आणि लाकडाचा किंवा रंगाचा वास येत असेल तर तो जाईपर्यंत थांबा.

अस्तराबद्दल एवढंच: लोकरी फेल्ट चांदीला काळवंडवतं, कारण लोकरीत गंधक असतं. रबरबँडचंही तेच, शिवाय ते विरघळून चिकटतात. स्पंज काही वर्षांत चिकट भुगा होतो. मऊ प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद पेनाला चिकटून डाग पाडू शकतो. आणि डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लॅस्टिकं मऊ पडतात. जाड सुती कापड या सगळ्यांना पुरून उरतं.

भिंतीवर मांडायचं असेल तर

खोल फोटोफ्रेम, आणि त्यात फक्त रिकामी पेनं. काच आणि मागची पाठ यांच्यात 25 मिमी अंतर हवं. ए4 मापाची आडवी फ्रेम घेतली तर दर 25 मिमीला एक अशी 11 पेनं उभी बसतात. पाठीच्या पुठ्ठ्याला सुईने जोडीजोडीने भोकं पाडून प्रत्येक पेन नायलॉनच्या दोऱ्याने दोन ठिकाणी बांधा, एकदा क्लिपच्या खाली आणि एकदा खालच्या तिसऱ्या भागात. क्लिप पुठ्ठ्यात अडकवून टांगणं सोपं वाटतं, पण पुठ्ठा जाड असला की महिनोन् महिने ताणलेली क्लिप सैल होते आणि मग खिशातही पकडत नाही. वजनाची चिंता नको: 11 पेनांचे 250-300 ग्रॅम आणि 2 मिमी काचेचे साधारण 310, साधा खिळा पेलतो. ऊन पडणारी भिंत मात्र टाळा.

फ्रेममध्ये किंवा डब्यात जाण्याआधी पेन खरंच रिकामं असायला हवं. साध्या पाण्याने शाईचा रंग पूर्ण जाईपर्यंत धुवा. गरम पाणी नको, सेल्युलॉइड वाकतं आणि एबोनाइटचा रंग उडतो. मग निब खाली करून टिशूवर दिवसभर ठेवा. टिशूवर रंगाचा ठिपका उमटला तर पुन्हा धुवा.

एक-दोनच पेनं बाहेर न्यायची असतील तर चष्म्याची कडक केस पुरे. आतली लांबी मोजून घ्या, आणि दोन पेनांमध्ये कापडाची घडी घाला.