एच-इंडेक्स पाहून विश्वास ठेवला आणि माझाच शोधनिबंध मागे घेतला गेला

माझ्या पहिल्या स्वतंत्र कामाचा शोधनिबंध आज पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय व जैविक शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत, ‘मागे घेतलेला’ या शिक्क्यासह दिसतो. त्यातील प्रयोग मी स्वतः केले होते आणि ते खरे होते. तरीही हे घडले, कारण सहलेखक निवडताना मी त्यांच्या उद्धरणांचा, म्हणजे इतर निबंधांनी त्यांच्या कामाला दिलेल्या संदर्भांचा, आकडा पाहिला. तो आला कुठून, हे पाहिले नाही. संशोधनात नव्याने येणाऱ्यांवर अशी वेळ येऊ नये म्हणून हे लिहीत आहे.

पीएच.डी.नंतर मी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींमधील एका प्रथिनावर काम करत होते. त्या सुमारास एका ज्येष्ठ संशोधकांनी आपणहून संपर्क साधला. शोधनिबंध शोधण्याच्या गूगल स्कॉलर या सेवेवर त्यांचा एच-इंडेक्स (निबंध आणि त्यांना मिळालेली उद्धरणे यांवरून काढलेला आकडा) ४७ होता आणि उद्धरणांचा आलेख शेवटच्या तीन वर्षांत एकदम वर चढलेला होता. डेटा माझा, लेखन आणि जर्नलशी पत्रव्यवहार त्यांचा, असे ठरले. माझी फेलोशिप संपत आली होती, त्यामुळे मी फारशी चौकशी न करता मसुदा आणि सर्व प्रतिमा त्यांच्या स्वाधीन केल्या.

करस्पाँडिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारे लेखक, तेच असल्याने समीक्षकांचे अभिप्राय माझ्यापर्यंत कधी आलेच नाहीत. थेट छपाईपूर्व प्रूफ हाती आले, तेव्हा लेखकांत दोन अनोळखी नावे होती आणि प्रस्तावनेतील एकाच वाक्याच्या शेवटी सोळा संदर्भ होते, त्यांपैकी बहुतेक त्यांच्याच निबंधांचे. मी विचारले, तेव्हा ‘समीक्षकांनी सुचवले आहेत’ असे उत्तर मिळाले. मी तिथेच थांबायला हवे होते. मी गप्प बसले.

दहा महिन्यांनी जर्नलकडून पत्र आले की तिसऱ्या आकृतीतील वेस्टर्न ब्लॉटचा (नमुन्यात एखादे प्रथिन आहे का, हे पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) एक पट्टा दुसऱ्याच ऊतीवरील जुन्या निबंधात जसाच्या तसा आहे. मी दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवून पाहिल्या. पट्ट्याच्या उजव्या टोकाला असलेला बारीक ठिपकाही दोन्हीकडे तोच होता, फक्त प्रतिमा उलटी फिरवलेली होती. माझा मूळ पट्टा फिकट होता; त्याच्या जागी हा ठळक पट्टा बसवला गेला होता. माझ्याकडे तारखांसह मूळ फायली होत्या, म्हणून चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. निबंध मात्र मागे घेतला गेला आणि सूचनेत सर्व लेखकांची नावे आहेत.

जे आधी करायचे ते मी त्यानंतर केले. त्या ज्येष्ठ संशोधकांच्या सर्वाधिक उद्धृत निबंधांचा संदर्भ ज्यांत दिला होता, असे वीस निबंध उघडून वाचले. त्यांपैकी काही काँक्रीटवर होते, काही पिकांवरील कीटकांवर, आणि पेशीविज्ञानाचा संदर्भ तिथे का यावा याचे कारण मजकुरात कुठेच नव्हते. एका निबंधात तर ब्रेस्ट कॅन्सरला ‘बुझम पेरिल’ (शब्दशः ‘छातीचा धोका’) म्हटले होते. वाङ्मयचौर्य पकडले जाऊ नये म्हणून शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून मजकूर काढला की अशी विचित्र शब्दयोजना उरते.

एच-इंडेक्स २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी मांडला. प्रत्येकी किमान वीस उद्धरणे मिळालेले वीस निबंध असतील तर तो २०, इतके सोपे गणित आहे. उद्धरण कोणी आणि का दिले, हे त्यात येत नाही. शिवाय गूगल स्कॉलर निबंधासारखी दिसणारी कागदपत्रे आपोआप गोळा करते. २०१२ मध्ये ग्रनाडा विद्यापीठातील संशोधकांनी केवळ सहा बनावट दस्तऐवज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवले आणि ७७४ उद्धरणे वाढवून दाखवली. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या उद्धरणे मोजणाऱ्या सूची निवडक जर्नलेच घेतात, म्हणून एकाच व्यक्तीचे तिन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. थोडा फरक सर्वांच्या बाबतीत असतो. दुपटी-तिपटीचा दिसला तर कारण शोधावे. अर्थात तिथेही डोळे मिटून चालत नाही, कारण ज्यांची अनेक जर्नले या सूचींत होती, त्या एकट्या हिंदावी प्रकाशनाच्या जर्नलांतून २०२३ मध्ये हजारो निबंध मागे घ्यावे लागले.

मोठा आकडा म्हणजे लबाडी, असे मी म्हणत नाही. प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरील लोरी यांच्या १९५१ च्या निबंधाला तीन लाखांहून अधिक उद्धरणे आहेत, कारण प्रयोगशाळांमध्ये ती पद्धत खरोखर वापरली गेली. असा वापर उद्धरण देणाऱ्या निबंधाच्या ‘पद्धती’ विभागात स्पष्ट दिसतो. माझ्या सहलेखकांच्या बाबतीत तो मला वीसपैकी एकाही निबंधात सापडला नाही.

पबपीअर (प्रकाशित निबंधांवर शंका व टिप्पण्या नोंदवण्याचे संकेतस्थळ) आणि रिट्रॅक्शन वॉच डेटाबेस (मागे घेतलेल्या निबंधांची सूची) दोन्ही विनामूल्य आहेत, आणि नाव टाकून शोध घ्यायला दहा मिनिटे पुरतात. त्या संशोधकांचे तीन निबंध आमची ओळख होण्यापूर्वीच पबपीअरवर चर्चेत होते. आता मी कोणाबरोबरही काम सुरू करताना दोन गोष्टी आधीच लेखी ठरवते: जर्नलचा प्रत्येक पत्रव्यवहार सर्व लेखकांना जाईल, आणि अंतिम प्रतिमा मूळ फायलींशी ताडून पाहिल्याशिवाय काहीही सादर होणार नाही. यावर नाराज होऊन एक गट दूर झाला. त्याचे मला वाईट वाटले नाही.

अर्जातील प्रकाशनांच्या यादीतून तो निबंध मी काढलेला नाही. त्यापुढे ‘मागे घेतलेला’ असे लिहिते आणि सोबत मूळ ब्लॉटच्या फायली तारखांसह जोडते.