आप्पांचे पाय खिळायचे; रत्नागिरीतल्या फिजिओथेरपीचा आमचा अनुभव

पार्किन्सनचं माणूस चालताना मध्येच खिळत असेल, तर इथे जरूर घेऊन या. आम्ही मालगुंडहून आरेवारे मार्गे येतो, आणि येणं सार्थकी लागतं.

आमचे आप्पा खळ्यात बरे चालत, पण माजघराच्या उंबरठ्याशी आले की पाय जमिनीला चिकटत. गावात सगळे म्हणत, भीती बसलीय. इथल्या ताईंनी नीट समजावलं: पायांत ताकद आहे, पण डोपामिन हे मेंदूतलं रसायन कमी पडल्यामुळे चालणं आपसूक चालू ठेवणारा मेंदूच्या आतला भाग साथ देत नाही. मग कपाळामागच्या भागाला लक्ष देऊन एकेक पाऊल टाकून घ्यावं लागतं. म्हणून हातात चहाचा कप असला किंवा कुणी बोलायला लागलं की गाडी अडते. अरुंद दारात आणि वळताना तर जास्तच.

सर्वांना एकच उपाय लागू पडत नाही, म्हणून त्या एकेक करून बघतात. मोबाइलवरच्या ताल देणाऱ्या मेट्रोनोमची टकटक आप्पांना अजिबात मानवली नाही. ते भजनात मृदंग वाजवायचे, हे कळल्यावर ताईंनी टकटक बंद केली आणि मनातल्या मनात ठेका धरून चालायला लावलं. आप्पा सरळ खोलीच्या टोकापर्यंत गेले! मला रडूच आलं. घरी आता उंबरठ्याअलीकडे पावला-पावलाच्या अंतरावर रंगीत पट्ट्या चिकटवल्यात. अडकलेच, तर आधी थांबायचं, वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं, मग मोठं पाऊल. वळताना जागच्या जागी गर्रकन नाही, मोठा वळसा.

जिना आहे म्हणून कचरू नका. आप्पा सपाट जमिनीपेक्षा पायऱ्या चांगल्या चढतात, कारण पायरी हीच डोळ्यांना खूण. उतरताना मात्र धरायला माणूस हवं, कठडा एकाच बाजूला आहे.

गोळीचा असर असतानाची वेळ मागून घ्या. लेव्होडोपा ही पार्किन्सनची गोळी माशांसारख्या प्रथिनांच्या जेवणासोबत नीट लागू पडत नाही, हेही इथेच कळलं. डॉक्टरांना विचारून ती आता जेवणाआधी अर्धा तास देतो.

आजार बरा होईल असं ताई कधीच म्हणत नाहीत, त्यामुळे विश्वास बसतो.

एकच विनंती: बाहेरच्या खोलीत खुर्च्या फार दाटीने लावल्यात. मधल्या बोळातच पेशंट अडकतात. निम्म्या काढा.